राजुलांनी ग्वाही दिलेले जहाज

दिनांक १४ ऑगस्ट १९५१. किसुमूच्या लष्करी कचेरीने तोफखान्यातील शिपाई ओबिएरो याच्याविषयीचा माझा अर्ज आज पुन्हा परत पाठवला. शेरा जुनाच : 'बेपत्ता'. ज्या जहाजातून तो गेला, ते १९४४ साली पाणतीराने दुभंगून बुडाले, हे त्या कचेरीला पूर्ण ठाऊक आहे. तरीही 'मृत' लिहिताना तिची लेखणी अडते. ही तक्रार मी नोंदवून ठेवतो, कारण त्या एका शब्दाच्या आडोशाला त्याचे वडील, म्हणजे माझे चुलते राजुला, सात वर्षे बसून राहिले.

राजुला तरुणपणी मोंबासाच्या गोदीत हमाल होते. 'काउंटेस मॉड' तेव्हा गोऱ्या प्रवाशांचे जहाज होते. त्याचा पियानो, त्याचे आरसे यांचे वर्णन सरोवरकाठी मासे वाळत घालताना ते इतक्यांदा करीत, की ऐकणारे जांभया देत. युद्धात त्याच जहाजाला करडा रंग फासून सैन्य भरले; ओबिएरोची तुकडीही त्यातूनच जायची होती. ओबिएरो शेवटच्या रजेवर आला, तेव्हा समुद्राच्या धास्तीने त्याला घास उतरेना. परत न जाता पलीकडच्या बेटावर मामाकडे लपावे, असे त्याच्या मनात होते. राजुला हसले.

"जहाज कसलं, तरंगतं गाव आहे ते. तुझी होडी बुडेल, ते नाही बुडायचं."

तो गेला.

पाण्याने नेलेल्याचा देह मिळाला नाही, तर आमच्यात यागोच्या झाडाचे लांब, जड फळ त्याच्या जागी पुरतात. तोवर बायको विधवा ठरत नाही आणि दिराला तिचे छप्पर शाकारता येत नाही. ओबिएरोची बायको आवुओर गळक्या झोपडीत दिवस काढीत होती. त्याचा धाकटा भाऊ न्यागुडी छपरासाठी गवताचे भारे आणी. ते अंगणात कुजत. फळाचा विषय निघाला, की राजुला कचेरीचा कागद पुढे करीत.

गेल्या मे महिन्यातील पावसात झोपडीची भिंत खचली. त्या दिवशी वाढता वाढता आवुओरने विचारले, "मामंजी, तुमच्या तरंगत्या गावाला मजले किती?"

"तीन," राजुला सवयीने म्हणाले.

"मग आपली माणसं कुठल्या मजल्यावर ठेवली असतील?"

"पियानोच्या, आणखी कुठल्या," न्यागुडी म्हणाला. कोणी हसले नाही.

राजुलांचा हात ताटातच राहिला. "खाली. आम्ही पेट्या रचायचो तिथं." ताट बाजूला सारून ते म्हणाले, "तिथून वर यायला एकच शिडी. मला ठाऊक होतं, बाई. त्याला नाही सांगितलं."

सकाळी त्यांनी स्वतः कोयत्याने फळ तोडले. न्यागुडीला हात लावू दिला नाही. हमालासारखे खांद्यावर वाहून आणले आणि पुरले. छप्पर शाकारले गेले. मात्र त्या मातीशेजारी बसून म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारतो : पोरगा शिडीपाशी पोचला होता का? आज परत आलेल्या अर्जात कचेरीला मी हेच विचारले होते.

वाचकहो, 'काउंटेस मॉड'वरून आपल्यापैकी जे जिवंत परतले, त्यांनी राजुलांच्या घरी यावे आणि तळाशी काय घडले ते त्यांना सांगावे. समजूत घालण्यासाठी खोटे बोलू नये.