जायफळाचे पाच वेढे

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की तुम्ही दोघंही हल्ली झोपेसाठी एक गोळी घेता, सकाळी जीवनसत्त्वांच्या दोन-तीन घेता, आणि थंडीत आजारी पडू नये म्हणून आणखी कसली तरी एक. ती हसत होती. मला हसू आलं नाही. ती स्वतः दीड वर्षाची असताना तिला झोप लागावी आणि सारखा ताप येऊ नये म्हणून मी जे काय चालवलं होतं, ते तिला ठाऊक नाही. मी कधी सांगितलं नाही. आता लिहिते, कारण सांगण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं.

तेव्हा आम्ही वसईजवळ उमेळ्याला राहत होतो. दुसरी मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. धान्य अजून रेशनवर मिळे. घरी केळीची वाडी होती, त्यामुळे उपाशी कुणी नव्हतं, पण खाण्यात तोचतोचपणा फार होता. घरात माणसं मोजकी: तुमचे आजोबा, माझ्या सासूबाई, मी आणि तुमची आई. आमच्या घरची बोली तुम्हाला कळायची नाही, म्हणून सासूबाईंचं बोलणं इथे साध्या मराठीत देते.

तुमची आई अशक्त जन्मली. दर पंधरा-वीस दिवसांनी तिला सर्दी होई, सर्दीतून खोकला आणि खोकल्यातून ताप. ताप उतरला की चार दिवस बरे जात, की पुन्हा तेच. पण खरे हाल करणारी गोष्ट म्हणजे तिची झोप. ती सलग दीड-दोन तासांपेक्षा जास्त झोपतच नसे. वर्षभर मीही झोपले नव्हते. तुम्ही तरुण आहात, जागरणं करता, पण हे तसं नव्हतं. मी चुलीपुढे बसल्या बसल्या झोपत असे. एकदा दुधात साखरेऐवजी मीठ घातलं. एकदा विहिरीवर कळशी भरून झाली तरी दोर तसाच हातात धरून उभी राहिले, आणि मागून शेजारणीने हाक मारली तेव्हा भानावर आले. मला कशाचाच राग येईनासा झाला होता आणि आनंदही होत नव्हता. फक्त आडवं व्हावंसं वाटे.

वसई गावातले डॉक्टर म्हणाले, पोरीत ताकद नाही, ती आणायला हवी. त्यांनी माशाचं तेल दिलं. लढाईत परदेशी तेल यायचं बंद झालं, तेव्हा आपल्याकडे मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजापासून तेल काढू लागले होते, तेच हे. रोज एक लहान चमचा, वर संत्र्याचा रस. संत्रं नसेल तेव्हा मोसंबं, तेही नसेल तेव्हा आवळ्याचं पाणी. शिवाय नाचणीचं सत्त्व आणि दुपारी थोडी सुकेळी. सुकेळी म्हणजे आमच्या वाडीतली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. ती मऊ असतात, गोड असतात, आणि पोरगी दुसरं काही खाईना तेव्हाही ती चोखत बसे.

मी इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. कागदावर मांडल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नसे. मी वहीचा एक कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या, आणि वेळ, वस्तू, माप असे तीन रकाने करून तो स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्या कागदासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ही पोरगी आहे की शाळा गो?"

"म्हणजे चुकायला नको, आई."

"मी सहा वाढवली. एकालाही दारावर डकवलं नाही."

पण संध्याकाळची बाळगुटी ही त्यांची गोष्ट होती. सहाणेवर दुधाचे थेंब घालून त्या एकेक औषध उगाळत: वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बदाम, आणि शेवटी झोपेसाठी जायफळ. उगाळताना औषध सहाणेवर गोल फिरवायचं. एक फेरा म्हणजे एक वेढा. वेढ्यांवरच माप ठरे. मी कागद करत होते तेव्हा त्यांना विचारलं, "जायफळाचे किती वेढे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सहाणेकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "पाच लिही."

मी तिसऱ्या रकान्यात पाच लिहिलं.

दोन महिने असं चाललं. फार फरक पडला असं नाही. तापाचं अंतर थोडं वाढलं. झोप दोन तासांवरून कधी तीन तासांवर गेली. पाचूबंदरहून मासळी घेऊन येणारी एक कोळीण आमच्या ओट्यावर बसून रोज चौकशी करी. तेलाची बाटली पाहिली तेव्हा ती पोट धरून हसली. "मुशी आमी आनतो, नि तिचं त्याल तुमी डाकतराकडशी आनता! मला सांगायचं व्हतं गो बाय, मी काळीजच आनून दिलं असतं."

"त्याला माप असतं," मी म्हटलं.

"व्हय गो, तुज्याकडं समद्याला माप," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

मग वटारहून निरोप आला की सासूबाईंचा भाऊ आजारी आहे. त्या बैलगाडीत बसून गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "गुटी तू करशील ना नीट?" मी दाराच्या कागदाकडे बोट दाखवलं.

त्या गेल्यावर मी घर आवरायला काढलं. थकलेलं माणूस असं का करतं मला माहीत नाही. झोपायला वेळ मिळाला असता, तेव्हा मी फडताळं पुसली, बरण्या उन्हात ठेवल्या. त्याच आठवड्यात पाट्याला टाकी लावणारी बाई आळीत आली. छिन्नी आणि हातोडी घेऊन ती घरोघरी पाटे-वरवंटे खरखरीत करून देई. पाटा दिला तेव्हा माझं लक्ष सहाणेकडे गेलं. वर्षानुवर्षं उगाळून ती मधोमध गुळगुळीत झाली होती, काचेसारखी. मला ते बरं दिसेना. मी म्हटलं, हिलाही लाव. ती बाई जरा थांबली. "सहाणेला?" तिने विचारलं.

"हो, तिलाही. आता तिच्यावर काही नीट उगाळलंच जात नाही."

तिने टाकी लावून दिली. मी सहाण धुऊन जागेवर ठेवली आणि मला फार समाधान वाटलं.

त्या संध्याकाळी मी गुटी केली. बाकीची औषधं उगाळली, मग जायफळ घेतलं आणि तोंडाने मोजत पाच वेढे दिले. पेस्ट नेहमीपेक्षा दाट वाटली. मला वाटलं, दूध कमी पडलं, म्हणून दोन थेंब वर घातले. पोरीने चाटून संपवली. दिवेलागणीला ती झोपली आणि तिच्या शेजारी मी टेकले.

मला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. वाडीतला रहाट सुरू झाला होता, म्हणजे तुमचे आजोबा केव्हाच उठून गेले होते. मी पूर्ण रात्र झोपले होते. पोरगी माझ्याकडे पाठ करून तशीच निजलेली. पहिल्यांदा मला काय वाटलं ते खरं सांगते. मला अभिमान वाटला. कागद उपयोगी पडला, असं वाटलं. कपाळाला हात लावून पाहिलं, ताप नव्हता. मी तिला झोपू दिलं. पाणी भरलं, चूल पेटवली, भाकरी केल्या. आठ वाजता तेलाचा चमचा असे. मी बाटली आणि चमचा घेऊन तिला उठवायला गेले.

ती उठेना.

मी हाक मारली, गालावर थोपटलं, पाण्याचा हात फिरवला. तिने डोळे किंचित उघडले, बुबुळं वर गेली, आणि पुन्हा मिटले. ओठ कोरडे पडले होते. गाल लाल झाले होते, पण अंग तापलेलं नव्हतं. उचलली तर मान खांद्यावर ठरेना. मी धावत वाडीच्या बांधावर गेले आणि तुमच्या आजोबांना हाक मारली. माझा आवाज ऐकून त्यांनी काही विचारलं नाही. सायकल काढली आणि वसईकडे डॉक्टरांना आणायला गेले.

मी पोरीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. त्याच वेळी कोळीण आली. "मावरं घे गो बाय," म्हणत टोपली उतरवली आणि माझं तोंड पाहून थांबली.

"काय दिलंस तिला?"

"रोजचंच. तेल, सत्त्व, गुटी. पाच वेढे जायफळ. कागदावर आहे तेवढंच."

तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आत गेली, सहाण उचलून उजेडात आणली आणि अंगठा तिच्यावरून फिरवला.

"बाय, हिला टाकी कोनी लावली?"

"मीच," म्हणताना मला रडू आलं.

"आगो, ही तर किसनी झाली. ह्याच्यावर पाच येढे म्हंजे अर्धं जायफळ गेलं आसंल पोटात." मग माझ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "रडू नको. आता रडून काय कामाचं नाय. पोरीला उभी धर. निजू देऊ नको. पानी आन, ओठ भिजव."

तिने टोपली तशीच उन्हात सोडली आणि माझ्या शेजारी बसली. आम्ही आळीपाळीने पोरीला खांद्यावर घेऊन ओट्यावर फेऱ्या घातल्या. तिच्या मासळीवर माश्या बसत होत्या, मी सांगितलं तर म्हणाली, "बसू दे."

डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे उघडून पाहिले, छातीला नळी लावली. मग विचारलं, काय दिलं होतं. मी दाराचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट वाचला. औषधाच्या बाटलीला डॉक्टर कागदाची पट्टी चिकटवत, तिला खाचा असत, एक खाच म्हणजे एक डोस. ती माझ्या डोळ्यांपुढे होती, म्हणूनच मी असा कागद केला होता.

"पाच वेढे," ते म्हणाले. "म्हणजे किती?"

मी सहाण दाखवून टाकीचं सांगितलं.

ते चिडले नाहीत. म्हणाले, श्वास बरा आहे, तोच पाहत राहायचा. उतारा असा काही नाही. उतरायला वेळ लागेल. जाग येईल तेव्हा चमच्या-चमच्याने पाणी द्या. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली नाही तर गाडीत घालून माझ्याकडे आणा. आणि एवढ्या लहान मुलाला जायफळ पुन्हा देऊ नका, गुळगुळीत सहाणेवरही नाही.

त्यानंतरचे तास मला क्रमाने आठवत नाहीत. तुमचे आजोबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मला दोष दिला असता तर मला बरं वाटलं असतं. मी पोरीच्या पोटावर हात ठेवून ते वर-खाली होतंय का एवढंच पाहत होते. मधेच माझाच डोळा लागला, आणि दचकून जागी झाले तेव्हा मला माझी इतकी किळस आली की सांगता येत नाही. अशा वेळीही शरीर झोप मागत होतं.

दुपार कलल्यावर ती कुरकुरली. मग रडायला लागली. आधी बारीक, मग रोजच्यासारखी जोरात, घसा ताणून. वर्षभर ज्या रडण्याला मी कंटाळले होते ते ऐकून मी तिला उचलून छातीशी धरलं. कोळिणीने तोवर नासलेली मासळी वाडीच्या खड्ड्यात टाकली होती. टोपली धुतली आणि ती गेली.

चार दिवसांनी सासूबाई परत आल्या. त्यांना काही कळू न देणं शक्य होतं. सहाण मी सांदीत ठेवली होती, नवी आणता आली असती, आणि तुमचे आजोबा स्वतःहून बोलले नसते. त्यांचे पाय धुऊन होईपर्यंत मी तोच विचार करत होते. मग आत जाऊन सहाण आणली, त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी बराच वेळ दगडावरून बोटं फिरवली. "ही माझ्या सासूची होती," एवढंच आधी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू मला वेढे विचारलेस. मी कधी मोजले नव्हते. मी बोटाने चाटून बघते. जिभेला कडू लागायला लागलं की थांबते. पण तुला लिहायला आकडा पाहिजे होता, म्हणून मी पाच सांगितले. शिकलेली सून, तिला काय सांगू की चाटून बघ?"

"तुम्ही सांगायला हवं होतं, आई."

"हवं होतं," त्या म्हणाल्या.

त्या घरात गुटी पुन्हा झाली नाही. तेल, सत्त्व आणि सुकेळी चालू राहिली. तुमची आई पुढे हळूहळू बरी झाली. तिसरं वर्ष लागलं तसा ताप कमी येऊ लागला, झोपही वाढली. कशाने, ते मी सांगू शकत नाही. तेलाने असेल, फळांनी असेल, किंवा वय वाढलं म्हणून असेल. तुम्ही घेता त्या गोळ्यांबद्दलही मला एवढंच म्हणायचं आहे, की त्या किती घेता आणि कशाबरोबर घेता ते एखाद्या समजत्या डॉक्टरला समोर बसून सांगा. डब्यावरच्या आकड्यावर थांबू नका.

वटारहून परत आल्या त्या दिवशी सासूबाईंनी प्रवासाचं लुगडंही बदललं नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "आता आत जा आणि नीज. ही उठली, रडली, काही झालं तरी बाहेर येऊ नको."

मी आत जाऊन जमिनीवर आडवी झाले. झोप आली नाही. बाहेर केळींमध्ये पोरगी रडत होती, सासूबाई तिला काहीबाही दाखवत फिरत होत्या, आणि तो आवाज लांब गेला की मी श्वास धरत होते, जवळ आला की सोडत होते.