दादांची पेनल्टी

"डॉक्टर, दादांना घरी नेतो. रिस्क नको," संजय म्हणाला आणि मी दिलेला पेन त्यानं टेबलावर ठेवला.

दादा म्हणजे त्याचे वडील. ऐंशीच्या पुढचे. बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हार्ट कमजोर, म्हणून फिजिशियननं 'हाय रिस्क' लिहिलेलं. अशा वेळी आम्ही हाय रिस्क कन्सेंट घेतो. म्हणजे जिवाला धोका आहे हे कळलं, तरी ऑपरेशन करा, अशी सही. खरं तर ती पेशंटनं करायची. पण पेशंट म्हातारा असला की आपण सगळे घरच्यांकडंच बघतो. मीही तेच केलं होतं.

मी शिवाजी पेठेतलाच. दादा पेठेच्या फुटबॉल टीमचे गोली. शाळा बुडवून आम्ही पोरं त्यांच्या गोलपोस्टमागं बसायचो. बाहेर गेलेला बॉल त्यांच्या हातात कुणी द्यायचा, यावरून आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. तेच दादा आता पायाला वजन लावून आत पडले होते. जीव तुटत होता माझा.

"घरी नेणं हीपण रिस्कच आहे," मी म्हटलं. "पडून राहिले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो. बरेच जण त्यातच जातात."

"व्हय, पण आपरेशनात गेलं तर भावकी म्हणणार, पोरानं मारलं. घरात गेलं तर देवानं नेलं."

खरं बोलला गडी.

"आणि तुझं हाड मोडलं असतं तर?"

"माझं? लगेच करा म्हणलो असतो की."

"दादांना विचारलंस?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. विचारलं मीही नव्हतं. आम्ही दोघं आत गेलो. मी दादांना दोन्ही बाजू सांगितल्या, काही झाकलं नाही.

"पेनल्टीला गोली नुसता हुबारला तर गोल हुतोयच की," दादा म्हणाले. "उडी मारली तर अडला तर अडला." मग संजयकडं वळले. "कर सही. गोल झाला तर माझ्या नावावर."

संजयनं डोळे पुसले आणि सही केली.

अर्धा खुबा बदलला. दोन दिवस बीपीनं आम्हाला नाचवलं, मग दादा वॉकर धरून उभे राहिले. पुढं मैदानावर खुर्ची टाकून नव्या गोलींना शिव्या घालायचे. गेल्या वर्षी घरीच, झोपेत गेले. मैदानाकडं गेलो की अजून ती खुर्ची शोधतो.

कन्सेंट मी आजही घेतो. फक्त पेन आधी खाटेकडं नेतो. घरचे आपल्यावर काय ठपका येईल ते बघतात. रिस्क अंगावर घ्यायची तयारी बहुतेक वेळा खाटेवरच्याची असते.