मापाच्या मधले बोलणे

लढाईच्या दिवसांत मी भाईंदर स्टेशनजवळच्या एका धान्याच्या दुकानात नोकरीला होतो. वय बावीस. तांदूळ शेराच्या मापाने मोजून देत. मालक स्वतः मापत आणि मोठ्याने मोजत. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन, चार. गिऱ्हाईक पिशवी धरून आकडे ऐकत असे.

पहिल्याच दिवशी मालकांनी सांगितले, "माप चालू असताना गप्प उभा राहू नकोस. घरचं विचारत जा. माणसाला बरं वाटतं." मला हे काम आवडले. मी मनापासून विचारत असे आणि उत्तर ऐकूनही घेत असे. मिठागरावर कुणाचा पाय चिरला, डोंगरी गावात कुणाकडे पाहुणे उतरले, सगळे मला ठाऊक असे.

उत्तनची एक कोळीण दर आठवड्याला मासळी विकून तांदूळ न्यायला येई. मी तिला मावशी म्हणे. एकदा तिने आठ शेर मागितले. एरवी ती चारच नेई. चौथे माप पिशवीत पडले तेव्हा मी विचारले, "मावशी, आज दुप्पट?"

"लेक बालतीन हाय रे. आंगावर दूद न्हाय तिच्या. पोर रातदिस रडतंय. माजी सासू म्हनते, मला धा झाली, कदी दूद कमी पडलं न्हाय. म्हातारीला काय सांगू? लेकीला पेज पाजून बगतो आता..."

मालक "अरेरे" म्हणाले, माप ओतले आणि मोजले, "सहा."

पाच कुणी म्हटलेच नव्हते.

आधी मला वाटले, चूक झाली. मग आठवले की गिऱ्हाईक पायरी चढताना किंवा उतरताना मी बोललो काय, न बोललो काय, मालकांना फरक पडत नसे. बोलणे हवे ते मापाच्या मध्येच. म्हणजे दीड वर्ष मी लोकांची दुखणी विचारत होतो आणि त्या आडून हा माणूस त्यांचा तांदूळ मारत होता. बाळंतिणीच्या पेजेतला शेरही त्याने सोडला नव्हता, आणि वर "अरेरे" म्हटले होते.

"मालक, हे पाचवं," मी म्हणालो.

मालक हसले. "तूच बडबडतोस, मग चुकायला होतं." त्यांनी सहा, सात, आठ अशी मापे भराभर ओतली.

मावशी त्यांच्याशी भांडली नाही. ती माझ्याकडे वळली. "तू इचारत व्हतास ते याच्यासाटी काय?"

"नाही मावशी."

"मंग मदीच कशाला इचारतोस? आल्या आल्या का न्हाय इचारलंस?"

"मला तसं सांगितलं होतं."

"आनि तू ऐकलंस."

ती गेल्यावर मालकांनी मला पोती रचायला मागे पाठवले. उरलेला महिना मी तेच केले आणि मग नोकरी सोडली.

त्या महिन्यात मावशी पुन्हा आली. मी पोते टाकून पुढे गेलो आणि ती पायरीवर असतानाच विचारले, "लेक कशी आहे?"

"आदी मोजून होऊ दे," ती म्हणाली.

मालकांबरोबर तिने प्रत्येक माप मोठ्याने मोजले. मग पिशवी बांधली, डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता उत्तनच्या वाटेला लागली.