घरच्या साहेबांस अर्ज

चिंचवड गावात पोस्टाच्या ओट्यावर बसून मी पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंत. परंतु मामलेदारास काय लिहावे आणि कोणत्या सुरात लिहावे, हे मला जेवढे कळत होते तेवढे पुण्याच्या वकिलांनाही कळत नसे, असे माझे मत होते व अजूनही आहे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी मांडली, त्याने स्वतःच्या घरची शिल्लक कशी मांडली, हे आता सांगण्यास हरकत नाही.

त्या वर्षी वैशाखात मी मुलीचे लग्न केले. आमच्या ऐपतीच्या माणसाने गावातला वाजंत्री सांगावा आणि गप्प बसावे. परंतु निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मी स्वतः रचला, आणि तो इतका भारदस्त झाला की त्याला शोभेल असे लग्न करणे भाग पडले. पुण्याहून बँड आला. सोडावॉटरच्या बाटल्या पेट्यांनी आल्या. पत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' असे मीच लिहिले होते. पाहुण्यांनी त्यातला एकही शब्द वाया जाऊ दिला नाही. चार दिवसांनी मांडव उतरला तेव्हा पोस्टाच्या पासबुकात दोन रुपये उरले होते, तेही खाते बंद पडू नये म्हणून.

गेलेल्या पैशांत माझ्या चष्म्याचे अठरा रुपये होते.

चष्मा ही माझी चैन नव्हती. दोन वर्षांपासून जवळचे अक्षर मला धुक्यात दिसू लागले होते. आषाढात पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातला एक साताऱ्याकडचा कामगार रजेचा अर्ज लिहून घेण्यास आला. त्याने कागद हाती घेतला, आडवा धरला, मग उभा धरला.

"राव, तुमच्या ओळी घाट चढाय लागल्यात की."

"अर्जाचा अर्थ पाहावा, ओळी पाहू नयेत," मी म्हणालो.

"अर्थ कसा बघू? माझं नाव आन् साहेबाचं नाव एकमेकांच्या मांडीवर बसलंय."

त्याने लिहिणावळीचे चार आणे ठेवले नाहीत. स्टेशनाजवळ एक पोरगेलासा टायपिस्ट नुकताच यंत्र घेऊन बसू लागला होता, तिकडे तो गेला. त्या महिन्यात असे आणखी तिघे गेले. चष्मा आला नाही तर पोस्टाच्या ओट्यावर बसून मला केवळ वारा खावा लागेल, हे मला स्पष्ट दिसले. तेवढे दिसण्यास चष्म्याची गरज नव्हती.

मी घरात फर्मान काढले. रोजची मिळकत हरभऱ्याच्या रिकाम्या डब्यात पडेल, आणि पीठमीठ वगळता कोणत्याही खर्चासाठी लेखी अर्ज द्यावा लागेल.

पत्नी चुलीपुढे होती. तिने मान वळवली नाही.

"मला कुठं लिवाय येतंय?"

"अर्ज मी लिहीन."

"आन् मंजूर कोण करनार?"

"मीच."

"मंग माझं काय काम?"

"अंगठा."

"बरं झालं, बोटं तरी वाचली," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

व्यवस्था उत्तम चालली. श्रावण संपेपर्यंत डब्यात अकरा रुपये जमले. परंतु त्या वर्षी भाद्रपद दोनदा आला, आणि त्यातला पहिला अधिक. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे घालून जेवू घालावे लागते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तर सुटकाच नाही. पत्नीने दोन शेर हरभऱ्याची डाळ आणि गूळ मागितला. मी दौत पुढे ओढली.

येथे आमच्या धंद्याचा एक रिवाज सांगितला पाहिजे. साहेब अर्धे कापतो, म्हणून अर्जदाराने दुप्पट मागावे. चार दिवसांची रजा हवी असेल तर आठ दिवसांची लिहावी. डाळ आणि गूळ एवढ्यासाठी कागद खर्ची घालणे माझ्या हाताला रुचले नाही. मी अर्जात जावयासाठी धोतरजोडी घातली, चांदीचे निरंजन घातले, आणि 'कन्येच्या सासरी अर्जदाराच्या घराण्याची अब्रू राहावी' असा शेवट केला. अंगठा घेतला. मग पाटावर बसून, साहेबाच्या नात्याने, मी तो अर्ज माझ्याच तोंडून ऐकला. कारण लिहिलेले मला दिसत नव्हते आणि पाठ मात्र होते. खरे सांगतो, त्यात कापण्यासारखे एक अक्षर नव्हते. इतका सकस अर्ज नामंजूर करणारा अधिकारी दगडाच्या काळजाचा असला पाहिजे. अकराच्या अकरा रुपये मंजूर झाले.

मी पुण्याहून जिन्नस घेऊन परतलो. पत्नीने पिशवी उघडली.

"अवं, ह्ये काय?"

"तुझा अर्ज मंजूर झाला."

"म्या निरांजन कवा मागितलं?"

"अर्जात आहे. खाली तुझा अंगठा आहे."

"अंगठा डाळीला व्हता!"

जावई आला, नऊ धोंडे जेवला, आणि निरंजन नखाने खरवडून म्हणाला, "चांदीचंच ना, मामा?"

तो गेल्यावर पत्नीने रिकामा डबा माझ्यापुढे ठेवला.

"अर्ज तुमीच लिवायचा, साहेबबी तुमीच. तिकडं गिऱ्हाईक चाललं त्या टायपवाल्याकडं. आता डबा माझ्याकडं. साहेब मी. तुमाला काय पायजे त्ये लिवून आना, वाचून दावा."

मी पहिला अर्ज चहाचा केला. पोस्टाजवळच्या हॉटेलात मला दिवसाला दोन कप लागत; रिवाजाप्रमाणे चार मागितले. तिने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, "दोन." मी मनात हसलो. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा चार मागितले. ती म्हणाली, "म्हंजी खरं दोनच पायजेत. मंग एक घ्या." सात दिवसांत इतका तयार झालेला अधिकारी मी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. तंबाखू निम्म्यावर आली. हजामत पंधरा दिवसांवर गेली. पोस्टमास्तर येता-जाता विचारीत, "काय अर्जनवीस, आज चहाला वरून मंजुरी आली का?" मी त्यांना सांगत असे की प्रकरण विचाराधीन आहे.

दिवाळी मी एका करंजीच्या अर्जावर काढली. मार्गशीर्षात डब्यात अठरा रुपये भरले. पुण्याला जाऊन चष्मा आणला, घरी येऊन डोळ्यांवर चढवला, आणि प्रथम माझेच जुने अर्ज बाहेर काढले. ओळी खरोखरच घाट चढत होत्या. 'कृपा' या शब्दावर 'साहेब' उलटा पडला होता. असेच कागद मी निदान सहा महिने लोकांना लिहून दिले होते, आणि त्यांतले निम्मे कचेरीतून मंजूर होऊन आले होते. तिकडे कोणी काही वाचत असेल, ही माझी पंचवीस वर्षांची समजूत त्या दुपारी गेली. न वाचताही बुद्धी चालवणारा अधिकारी मला आमच्या चुलीपुढेच काय तो भेटला.

मग मी मान वर केली. पत्नी धान्य निवडीत होती. तिच्या लुगड्याला मधोमध दंड घातलेला होता. विरलेला भाग कापून दोन तुकडे जोडले होते आणि टाके निराळ्याच रंगाच्या दोऱ्याचे होते. असे ते किती दिवस होते, ते मला माहीत नाही. तिच्या नावावर लुगड्याचा अर्ज मात्र एकही नव्हता.

मी कागद घेतला. ओळ सरळ आली. 'अर्जदाराच्या पत्नीस एक लुगडे' एवढेच लिहिले आणि वाचून दाखवले.

"येकच लिवलंय?" तिने सूप बाजूला केले. "मंग अर्धंच मिळंल."

मी एकाचे दोन केले. तिने कागद हाती घेतला, आडवा धरला, मग उभा धरला, आणि डब्याखाली सरकवला.

"साहेब कामात हायेत," ती म्हणाली. "संक्रांतीनंतर या."