चांदसैलीपलीकडचा पडलेला आंबा

मे महिन्यात धडगावकडे जायचं, सुनीताच्या आईच्या हातची भाकरी खायची आणि पुढे तोरणमाळ गाठायचं, असं मी वर्षभर घोकत होते. सुनीता माझ्या शाळेतली सहकारी. आम्ही निघणार तोच गुजरातच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकलं. "समुद्र कुठे, आपण कुठे," म्हणत मी नंदुरबारहून गाडी काढली. हा शहाणपणा नंतर फार टोचला.

पेट्रोल तळोद्यातच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. चांदसैली घाटाच्या तोंडाशी एक जीपवाला म्हणाला, "पुढे झाडं पडेल शेतस ताई, धीरे जावा." वळणावळणाला साग आडवे झाले होते. एरवी दोन-अडीच तासांचा रस्ता, आम्हाला पाच लागले. पाड्यांवरची कौलं उडालेली. रस्त्यावरून लोकांच्या चुली दिसत होत्या. बघायचीच लाज वाटली.

सुनीताच्या घरामागचा आंबा मुळासकट पडला होता. तिच्या आईने, रुमाबाईंनी, लग्न होऊन आल्यावर लावलेला. त्याच्या कैऱ्यांचा आमचूर विकून घरातला पावसाळा निघायचा. डोक्यावर छप्पर नाही, आणि बायका कैऱ्या सोलत बसलेल्या. "घर नंतर बी होईल," रुमाबाई म्हणाल्या. "फोडी वाळल्या नाही तर काळ्या पडतील." आभाळ मात्र हटेना. आम्हीही दोन दिवस सोलत बसलो. तोरणमाळ राहिलंच.

शेवटी मीच म्हटलं, नंदुरबारला ऊन आहे, माझी गच्ची मोकळी आहे, फोडी मी नेते. रुमाबाईंनी सुनीताकडे पाहिलं, मग सगळ्याच्या सगळ्या फोडी मला दिल्या. सांडू नयेत म्हणून मी त्या प्लास्टिकच्या गोण्यांत भरून तोंडं घट्ट बांधली. सुनीता छपरासाठी मागे थांबली.

घाटात झाडं हटवणाऱ्या जेसीबीमागे मी चार तास अडकले. घरी गोण्या सोडल्या तर फोडी काळ्या, बुळबुळीत. गच्चीवर मात्र कडक ऊन.

फोनवर रुमाबाईंना सांगताना मला रडू आलं.

"आता ते झाड तर नाही," त्या म्हणाल्या. "त्याची फोड लई आंबट. खाऊन बघा ना ताई, तशीच आहे का?"

मी एक फोड तोंडात टाकली. कुजकट चव जिभेवर पसरली.

"तशीच आहे," मी म्हणाले.