सुरतेला गेलेली मांजर

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. पिंपळनेरला आमच्या शेजारी पंप दुरुस्त करणारा राहतो. डोळेही न उघडलेली, सर्दीने नाकं चोंदलेली चार पोरकी पिल्लं त्याने घरी आणली. तेलकट हात दोनदा धुऊन तो त्यांची नाकं पुसायचा, वाफ द्यायचा, ड्रॉपरने दूध पाजायचा. सगळ्यांत जास्त शिंकणाऱ्या बोक्याला त्याने माझं नाव दिलं.

“हाऊ तुमनामायक शिंकस, आबा. पण यासनी माय कोठे गयी व्हई?”

त्याआधी आमच्या घरातलं दूध सांडलं म्हणून मीच त्या मांजरीला पोत्यात घालून सुरतेला जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकवर चढवलं होतं. पिल्लांचं मला माहीत नव्हतं.

चौघंही जगली. माफी मागायला मी तोंड उघडलं की तो विचारतो, “शिंक ई राह्यनी का, आबा?”

आणि मी खोटंच शिंकतो.