वहिनीचं गाऱ्हाणं

आमच्या थोरल्या वहिनीने पकडलं आणि मनातलं न सांगता सुटला, असा माणूस रेडीपासून कुणकेश्वरापर्यंत अजून जन्माला यायचा आहे. दादाने आमटीला नाक मुरडलं की ती शांतपणे विचारायची, "राग आमटीचो, की हापिसातलो?" आणि दादा मुकाट्याने दुसऱ्यांदा भात घ्यायचा. एकदा एसटीत तिने कंडक्टरला विचारलं, तू फक्त म्हाताऱ्यांवरच का ओरडतोस? बिचारा कणकवलीपर्यंत विचारात पडला आणि दोघा प्रवाशांची तिकिटं फाडायची विसरला. अशा बाईने लेकाची बारावी आटोपल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर, मुंबईच्या वसतिगृहात राहून मानवी विकास या विषयात एम.ए. करायचं ठरवलं. शेजारीण म्हणाली, "वयनी, आता बालवाडी काढतलंस काय?" वहिनी म्हणाली, "नाय गो, कंपनीत जातलंय. मोठी माणसा पण वाढतत, त्यांच्याकडे कोण बघता?"

शेवटच्या सत्रात एखाद्या संस्थेत राहून प्रकल्प करायचा होता. तो फसला तर पदवीही बुडाली. वहिनीने आपल्याच गावचा काजूचा कारखाना निवडला. तिथे सोलणाऱ्या बायका का टिकत नाहीत, हे शोधायचं होतं. तिने छापील प्रश्नावल्या वाटल्या. सगळ्या कागदांवर एकच उत्तर आलं: "सगळा बरा आसा." आयुष्यात प्रथमच कोणी वहिनीला दाद दिली नव्हती. दोन दिवसांनी मुंबईच्या प्राध्यापिका काम बघायला येणार होत्या आणि वहिनी जेवत नव्हती. मला तिची फार काळजी वाटली.

बाईंना कुडाळ स्टेशनवरून मीच आणलं, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी कारखान्यात नव्या यंत्राचा नारळ फुटायचा होता. आमच्याकडे नारळ म्हटला की गाऱ्हाणं आलंच. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. ते घालतो नेहमी कोणीतरी वडीलधारा पुरुष. पण वहिनी पदर खोचून पुढे झाली. कागदावर न आलेलं तिने बायकांच्या हातांवर आणि सोलताना चाललेल्या कुजबुजीत वाचलं होतं.

"बा देवा म्हाराजा, काजूच्या चिकान ह्या लेकींचे हात जळतत, त्यांका बरे हातमोजे मिळांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका गरजल्या.

"पोराक ताप इलो तर रजेचो अर्ज आदल्या दिवशी मागतत, ती बुद्धी फिरांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यावेळी सगळ्यांत मोठा आवाज मालकाचा होता. जन्माची सवय! तोंड मिटेपर्यंत उशीर झाला होता, आणि देवासमोर भरलेला होकार मोडायची छाती आमच्याकडे कोणाची होत नाही. हातमोजे त्याच आठवड्यात आले. रजेचा नियमही बदलला.

त्या दिवशी नारळ फुटल्यावर प्राध्यापिकांनी विचारलं, "ही कुठली पद्धत?" वहिनी शुद्ध मराठीत म्हणाली, "बाई, माणसाकडे तक्रार केली की एकीचं नाव पुढे येतं. देवाकडे केली की ती सगळ्यांची होते." बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. मी तिथे नुसता ड्रायव्हर होतो, तरी माझी छाती फुगली होती.

वहिनी पहिल्या वर्गात पास झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. निघायच्या दिवशी कारखान्यातल्या बायका स्टँडवर आल्या, तिच्या मांडीवर काजूगराच्या पुड्यांचा ढीग झाला. दादा बॅगेचा पट्टा उगाच ओढून बघत होता. वहिनी, तू आमच्या घराचं नाव काढलंस, असं मला म्हणायचं होतं. सकाळपासून जुळवून ठेवलं होतं. गाडी हलली आणि माझ्या तोंडून निघालं, "वयनी, खिडकीत हात ठेव नको!"